खाण बंद झाली, पंप चालूच: एसेनच्या त्सोलफेराइनमध्ये नेमकं बघायचं काय?

ड्युसेलडॉर्फला किंवा कोलोनला मुलाकडे-मुलीकडे राहायला आलेल्या आईबाबांची फिरायची यादी साधारण ठरलेली असते. कोलोनचं कॅथेड्रल, ऱ्हाइनवरची बोट, मग जोडून सुट्टी आली की पॅरिस नाहीतर ॲमस्टरडॅम. या यादीत ड्युसेलडॉर्फहून ट्रेनने अर्ध्या तासावर असलेल्या एसेनमधली बंद पडलेली कोळशाची खाण घाला म्हटलं, की "खाणीत काय बघायचं?" हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. तिथे जाणारी बरीच मंडळी लोखंडी मनोऱ्यासमोर एक फोटो, नारिंगी सरकत्या जिन्यावर एक फोटो आणि कॉफी एवढ्यावर परततात. युनेस्कोने हे का निवडलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

खाणीचं नाव त्सोलफेराइन. १८४७ साली फ्रान्झ हानिएल या उद्योजकाने ती सुरू केली, १९८६ साली ती बंद झाली आणि २००१ साली जागतिक वारसा यादीत गेली. किल्ला किंवा देऊळ बघताना थोडंफार आपोआप उमगतं, कारण राजा, लढाई, देव या गोष्टी आपल्या ओळखीच्या असतात. कारखान्याचं तसं नसतं. कुठली वस्तू कुठून आत यायची आणि कुठून बाहेर पडायची हे ठाऊक नसेल, तर सगळ्या इमारती सारख्याच दिसतात. म्हणून आधी तो कोळशाचा रस्ता समजून घेऊ. त्यानंतर खाण बंद झाल्यावर जमिनीखाली काय शिल्लक राहतं त्याकडे वळू. माझ्या मते त्सोलफेराइनला जायचं खरं कारण ते आहे, आणि फोटोत नेमकं तेच येत नाही.

जमिनीखालचा कोळसा

चंद्रपूर-वणीकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणी पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खाण म्हटलं की भलामोठा उघडा खड्डा आणि त्यात खेळण्याएवढे दिसणारे डंपर येतात. एसेन ज्यात आहे त्या रूर खोऱ्यात तसं काही दिसत नाही. इथला कोळसा तीस कोटी वर्षांहून जुना. त्याचे थर बहुतेक मीटर-दोन मीटर जाडीचे, पण एकाखाली एक असे पुष्कळ. हे सगळे थर उत्तरेकडे कलते आहेत. दक्षिणेला रूर नदीच्या काठाशी कोळसा पृष्ठभागाजवळ होता. तिथून उत्तरेला जावं तसा तो खोल खोल जातो. म्हणून एकोणिसाव्या शतकात खाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेल्या आणि उभे बोगदे, म्हणजे शाफ्ट, जास्त जास्त खोल करावे लागले. एसेनच्या उत्तर भागातल्या त्सोलफेराइनमध्ये अखेरीस काम हजार मीटरच्या आसपास पोचलं होतं.

इतक्या खोलवर जाऊन पातळ थर उकरणं परवडायचं, कारण हा कोळसा कोक करण्याजोगा होता. आपल्या विदर्भातला गोंडवाना कोळसा वयाने त्याहून लहान आणि राखेला जास्त. तो वीज केंद्रांत जाळायला चालतो, पण पोलादाच्या भट्टीसाठी लागणारा कोक त्यापासून होत नाही. रूरमध्ये पोलादाचे कारखाने उभे राहिले ते या कोकच्या जोरावर. जर्मनीच्या दोन महायुद्धांच्या तोफाही त्याच भट्ट्यांतून निघाल्या.

मनोऱ्याचे पाय तिरके का?

त्सोलफेराइनच्या प्रत्येक फोटोत दिसतो तो ५५ मीटर उंच लोखंडी मनोरा शाफ्ट क्रमांक १२ चा. तो जुना वाटतो, पण खाण सुरू झाल्यानंतर तब्बल ८५ वर्षांनी, १९३२ साली, कामाला लागला. त्याआधी या खाणीचे वेगवेगळ्या ठिकाणी शाफ्ट होते. प्रत्येक ठिकाणचा कोळसा तिथेच वर यायचा, तिथेच निवडला जायचा आणि तिथूनच रेल्वेत भरला जायचा. १९२६ मध्ये अनेक पोलाद कंपन्या एकत्र येऊन एक महाकाय कंपनी झाली आणि ही खाण तिच्याकडे आली. नव्या मालकांचा हिशोब सरळ होता: जमिनीखाली सगळे बोगदे जोडायचे, कोळसा एकाच तोंडातून वर काढायचा आणि बाकीची यंत्रं बंद करायची. असा शाफ्ट १२ उभा राहिला. दिवसाला १२,००० टन कोळसा या एका भोकातून वर यायचा. त्या काळी हा आकडा अचाट होता.

आता मनोरा नीट बघा. कोळशाच्या वाघिणी पिंजऱ्यात घालून पोलादी दोराने वर ओढतात. दोर ओढणारं इंजिन मात्र मनोऱ्यावर नसतं. ते बाजूला, जमिनीवरच्या इमारतीत असतं. दोर इंजिनापासून तिरका वर जातो, मनोऱ्यावरच्या मोठ्या चाकावरून वळतो आणि सरळ खाली शाफ्टमध्ये उतरतो. म्हणजे मनोऱ्यावर दोन ओढी एकदम येतात, एक सरळ खाली आणि एक तिरकी इंजिनाकडे. दोन्ही मिळून मनोऱ्याला इंजिनाच्या बाजूला पाडू बघतात. तो पडू नये म्हणून त्याच बाजूला तिरका पाय रोवतात. शाफ्ट १२ ला दोन इंजिनं होती, दोन विरुद्ध बाजूंना. म्हणून पायही दोन्हीकडे आणि म्हणून ती रुबाबदार सममिती. शोभेसाठी तिथे एकही तुळई नाही.

आणखी एक हुशारी बाहेरून दिसत नाही. एक पिंजरा वर येतो तेव्हा जोडीचा दुसरा खाली जातो, त्यामुळे पिंजऱ्यांचं वजन एकमेकांना तोलतं आणि इंजिनाला मुख्यतः कोळशाचंच वजन उचलावं लागतं. शिवाय दोर ड्रमवर गुंडाळायचा नाही, नुसता चाकावरून घर्षणाने फिरवायचा, ही युक्ती रूरमधल्याच कोपे नावाच्या माणसाने १८७७ साली काढली. खोली वाढली की ड्रमवर गुंडाळायच्या दोराचा पसारा हाताबाहेर जातो. घर्षणाच्या चाकाला खोलीची फिकीर नसते. जगभरच्या बऱ्याच खोल खाणींत आजही हीच पद्धत वापरतात.

आजूबाजूच्या इमारती फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुविशारदांच्या. पोलादी सांगाडा उभा करायचा आणि त्यात पातळ विटांची भिंत भरायची. भिंत काही पेलत नाही, फक्त वारा-पाऊस अडवते. नवं यंत्र आणायचं तर भिंतीचा तुकडा काढा, यंत्र आत घ्या, भिंत परत भरा. युनेस्कोने नावाजलेलं हे आधुनिक वास्तुशिल्प मुळात इतका व्यवहारी विचार होता. मालकांना दिमाखही हवा होताच. नाहीतर कोळशाच्या खाणीपुढे राजवाड्याला शोभेल असं आखीव पटांगण कोण ठेवतं?

रोळणी

वर आलेल्या मालात कोळसा जेवढा, जवळपास तेवढाच दगड असायचा. पातळ थर उकरताना वरखालचा खडकही निघतोच. तो वेगळा करायची जागा म्हणजे कोळसा धुण्याची इमारत. आवारातली ही सगळ्यात मोठी इमारत. आज त्यात रूर संग्रहालय आहे.

नावात धुणं असलं, तरी काम स्वच्छतेचं नव्हतं. आपल्याकडे तांदूळ पाण्यात रोळतात तसं काम होतं. रोळताना हलके दाणे पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि खडे तळाशी बसतात. इथेही तसंच. कोळसा पाण्यापेक्षा थोडासाच जड, खडक अडीच पटीच्या आसपास. टाकीतल्या पाण्याला खालून सारखे हिसके दिले की हलका कोळसा वरच्या थरात येतो आणि दगड खाली राहतो. कोळसा पुढे कोकभट्टीकडे किंवा रेल्वेच्या वाघिणींत जायचा. दगड परत खाणीत भरायला किंवा बाहेर ढिगाऱ्यावर. रूरमध्ये आज ज्या हिरव्या टेकड्यांवर लोक सायकली चालवतात, त्यातल्या पुष्कळशा टेकड्या म्हणजे हे दगडाचे ढीग.

आता त्या नारिंगी जिन्याकडे येऊ. संग्रहालयाचं दार जमिनीवर नाही, २४ मीटर उंचीवर आहे. तिथे जायला इमारतीच्या बाहेरून ५८ मीटर लांबीचा सरकता जिना आहे. डच वास्तुविशारद रेम कोलहास यांच्या कार्यालयाने तो बसवला. बऱ्याच जणांना हा नुसता देखावा वाटतो. पण कोळसाही असाच यायचा: पट्ट्यावरून तिरका थेट वरच्या मजल्यावर, आणि मग एकेक यंत्र पार करत स्वतःच्या वजनाने खाली. पाहुणेही त्याच वाटेने वर चढतात आणि मजल्या-मजल्याने खाली उतरतात. मधल्या मजल्यांवर जुनी यंत्रं, नळ, घसरगुंड्या जागच्या जागी आहेत. काही ठिकाणी जीवाश्मांची काचपेटी आणि गंजलेली पोलादी टाकी अगदी शेजारी-शेजारी दिसतात. आतल्या जिन्याच्या कडेला नारिंगी दिवे लावून वितळल्या पोलादाचा रंग आणलाय. तो मला जरा जास्त वाटतो. या इमारतीत वितळलेलं पोलाद कधीच नव्हतं, होतं ते काळं पाणी.

काळी बाजू, पांढरी बाजू

मुख्य आवारापासून थोडं चालत गेलं की कोकभट्टी लागते. घाईतले पर्यटक ती सोडतात. सोडू नका. १९६१ साली सुरू झालेली ही भट्टी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या कोकभट्ट्यांपैकी एक होती. १९७३ साली वाढवल्यावर तिथे एका ओळीत ३०४ भट्ट्या झाल्या. दिवसाला ८,६०० टन कोक निघायचा.

कोक म्हणजे हवा न लागू देता हजार अंशांच्या वर भाजलेला दगडी कोळसा. साधा कोळसाच पोलादाच्या भट्टीत का टाकत नाहीत? लोखंड वितळवणारी झोतभट्टी म्हणजे उंच नळकांडं, त्यात खनिज आणि इंधन थरावर थर रचलेले. साधा कोळसा तापला की मऊ होतो, फुगतो, चिकटतो. मग खालून फुंकलेल्या हवेला वर जायला वाट उरत नाही आणि भट्टी कोंडते. भाजून त्यातला वायू आणि डांबर काढलं की उरतो तो कडक, सच्छिद्र कोक. तो वरच्या खनिजाचा भार पेलतो, वाऱ्याला वाट देतो, आणि त्यातला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो.

प्रत्येक भट्टी माणसाहून कितीतरी उंच, बारा-तेरा मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम अर्धा मीटर. ही चिंचोळी खोली पाहून लोक बुचकळ्यात पडतात. कोळशातून उष्णता फार सावकाश जाते. दोन्ही भिंतींकडून येणारी उष्णता मध्यापर्यंत पोचायची, तर भिंती जवळ हव्यात. भाजणी पुरी झाली की एका बाजूने ढकलणारं यंत्र लालबुंद कोकची अख्खी भिंत दुसऱ्या बाजूला ढकलून द्यायचं. तिच्यावर पाणी मारलं की वाफेचा लोट आकाशात. आसपासच्या वस्तीत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर त्याची काजळी बसायची.

भट्ट्यांची ही बाजू 'काळी'. रस्त्यापलीकडची 'पांढरी' बाजू म्हणजे कोळशातून निघालेल्या वायूचं शुद्धीकरण. त्यातून डांबर, बेंझीन, खतासाठी अमोनिया निघायचा आणि उरलेला वायू घरा-कारखान्यांना जायचा. नाव पांढरी बाजू, पण माती विषारी झाली ती मुख्यतः इकडे.

जवळजवळ शंभर मीटर उंचीची सहा धुराडी आणि अर्ध्या किलोमीटरहून लांब भट्ट्यांची रांग, तिच्या कडेने पाण्याचा हौद. हिवाळ्यात याच पाण्याची बर्फाची पट्टी करतात आणि पोरंटोरं तिच्यावर स्केटिंग करतात. २००१ साली दोन कलाकारांनी मालवाहू कंटेनर जोडून इथे छोटा पोहण्याचा तलावही केला. आसपासच्या वस्तीतल्या मुलांना तो इतका आवडला की पुढेही चालू राहिला.

पण माणसं कुठे होती?

शाफ्ट १२ च्या आवारात फिरताना एक गोष्ट खटकते. आठ हजारांपर्यंत कामगार असलेल्या खाणीत माणसांच्या वावराची खूण इतकी कमी कशी? कारण इथून माणसं खाली जायचीच नाहीत. शाफ्ट १२ बांधला तो फक्त कोळशासाठी. कामगार जवळच्या जुन्या शाफ्टांतून उतरायचे. आपण ज्याचे फोटो काढतो तो मालकांचा दर्शनी भाग. या मोकळ्या सुबकपणात फसायला होतं, म्हणून जुन्या शाफ्ट १/२/८ च्या (म्हणजे १, २ आणि ८ क्रमांकांच्या) जागेकडे जरूर जा.

तिथे कामगारांचं न्हाणीघर होतं. आज ते नृत्य-नाट्याचं केंद्र आहे. पांढऱ्या टाइल्सच्या भिंतींवर साबणाच्या वड्या ठेवायचे कोनाडे अजून आहेत. रूरच्या खाणींत न्हाणीघराची रीत अशी: एका दालनात घरचे कपडे काढायचे, ते आकड्याला अडकवायचे आणि साखळी ओढून थेट छतापाशी न्यायचे. साखळीला कुलूप. मग पलीकडच्या दालनात कामाचे कपडे चढवायचे. पाळी संपली की काळे कपडे तिकडे वर टांगायचे. गरम हवा वर जाते, तिने ते दुसऱ्या दिवसापर्यंत वाळतात. मधे शॉवर. पाठीवरची काजळी आपला हात पोचत नाही तिथली, म्हणून रांगेत एकमेकांची पाठ घासून द्यायची. खाली खाणीत कोण कुठल्या गावचा, कुठल्या भाषेचा, याला फारसा अर्थ राहत नसे असं जुने कामगार सांगतात. त्याचं थोडंफार कारण या न्हाणीघरात असावं.

भाषा बऱ्याच होत्या. पहिल्या महायुद्धाआधी पोलिश कामगार आले. १९५५ च्या करारानंतर इटालियन आणि १९६१ नंतर तुर्की. दुसऱ्या महायुद्धात मात्र रूरच्या खाणींत युद्धकैदी आणि जबरदस्तीने धरून आणलेले परदेशी मजूर राबवले गेले, त्यातले पुष्कळ सोव्हिएत संघातले. त्सोलफेराइनही त्याला अपवाद नव्हती. रूर संग्रहालय हा भाग झाकत नाही. तरी बाहेरच्या देखण्या आवारात फिरून परतणाऱ्याला त्याची गंधवार्ता लागत नाही, हे खरं.

मग पाडली का नाही?

१९५८ पासून रूरच्या कोळशाला ओहोटी लागली. खनिज तेल स्वस्त झालं, आणि जहाजाने येणारा परदेशी कोळसा हजार मीटर खालून काढलेल्या कोळशापेक्षा स्वस्तात पडू लागला. पुढची साठ वर्षं सरकारने अनुदान देऊन खाणी हळूहळू बंद केल्या, कामगारांना मुदतीआधी निवृत्ती दिली. २३ डिसेंबर १९८६ ला त्सोलफेराइनची पाळी आली. एसेन शहरातली ती शेवटची चालू खाण.

बंद होण्याच्या आठवडाभर आधी, १६ डिसेंबरला, शाफ्ट १२ ला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. तेव्हा याला पुष्कळांचा विरोध होता. ज्या जागेने फुप्फुसं काळी केली ती जपायची कशाला, असं म्हणणाऱ्यांत खाणीतच काम केलेले लोकही होते. कोकभट्टी तर चीनला विकायची बोलणी चालली होती. १९९३ ला ती बंद पडली, सौदा फिसकटला, आणि म्हणून ती वाचली. शेजारच्या डॉर्टमुंडमध्ये असे सौदे फिसकटले नाहीत. तिथली एक पोलाद गिरणी नट-बोल्टसकट सुटी करून चीनला गेली.

त्सोलफेराइन वाचल्याचं श्रेय सगळं जर्मनांच्या वारसाप्रेमाला द्यायची घाई करू नये. एसेनचा उत्तर भाग गरीब. जमीन प्रदूषित, तिला गिऱ्हाईक नाही, आणि पाडायचं म्हटलं तरी खर्च मोठाच. राज्य सरकारने अशा जमिनी विकत घ्यायला वेगळा निधीच काढला होता. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत कार्ल गान्झर यांच्या नेतृत्वाखाली एसेनच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या एम्शर नदीच्या सगळ्या खोऱ्यासाठी पुनर्विकासाचा मोठा कार्यक्रम झाला. त्याचं सूत्र होतं, पाडण्याऐवजी वापरायला घ्या. त्यातून बॉयलर हाउसमध्ये ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी डिझाइनचं संग्रहालय केलं, कॉम्प्रेसरच्या इमारतीत उपाहारगृह आलं. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीला चौरस फुटाचा जो भाव आला, तो काटर्नबेर्गच्या, म्हणजे खाणीभोवतीच्या वस्तीच्या, जमिनीला आला असता, तर हे धोरण टिकलं असतं का? मला शंका आहे. आणि संग्रहालयाने आठ हजार नोकऱ्या परत आल्या असंही नाही. एसेनच्या उत्तरेकडची बेकारी दक्षिणेपेक्षा आजही जास्त आहे.

आता पाणी

जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ ला एसेनशेजारच्या बॉट्रोपमध्ये बंद झाली. वर काढलेला शेवटचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. समारंभ संपला, खर्च काही संपला नाही. तो का, हे समजायला दोन वेगवेगळी पाणी ओळखायला हवीत. त्यांची बऱ्याचदा गल्लत होते.

पहिलं पाणी जमिनीवरचं. कोळशाचा थर उकरून पुढे सरकलं की मागची पोकळी कोसळू देतात. वरचा खडक खाली बसतो, आणि त्याच्यावरची जमीन, घरं, चर्च, रेल्वे सगळं थोडं थोडं खचतं. असे थर एकाखाली एक काढत गेलं की खचण्याची बेरीज होत जाते. रूरमध्ये काही ठिकाणी जमीन वीस मीटरहून जास्त खाली गेली आहे, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढी! शहराचा एक तुकडा असा बशीसारखा खोलगट झाला की पावसाचं पाणी नदीकडे वाहूच शकत नाही, कारण नदी वरच्या पातळीवर राहते. ते उचलूनच टाकावं लागतं. एम्शर नदीच्या खोऱ्याचा मोठा भाग आज असा पंपांच्या भरवशावर कोरडा आहे. पंप थांबले तर रूर परिसराचा सुमारे पाचवा हिस्सा तळ्याखाली जाईल.

यातूनच एम्शरची शोकांतिका झाली. जमीन सारखी हलत असल्याने भूमिगत गटारं टिकेनात. म्हणून १८९९ साली स्थापन झालेल्या जलसंस्थेने नदीलाच सिमेंटचा तळ करून उघडं गटार बनवलं. जवळजवळ शंभर वर्षं लाखो लोकांचं सांडपाणी तिच्यातून उघड्यावर वाहिलं. खाणी बंद झाल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे १९९२ पासून जमिनीखाली ५१ किलोमीटरचं मुख्य गटार घालायचं मनावर घेता आलं. २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून मोकळी झाली. या कामाला पाच अब्ज युरोंहून जास्त लागले.

दुसरं पाणी खाणीतलं. खडकातून झिरपणारं पाणी चालू खाणीत रात्रंदिवस उपसावं लागतं, हे उघड आहे. बंद खाणीतही उपसावं लागतं, ते यासाठी: खोलवरचं पाणी खारट असतं, त्यात धातूंचे क्षार असतात, शिवाय यंत्रांच्या तेलातली जुनी रसायनं. उपसा थांबवला तर ते सावकाश वर चढत पिण्याच्या भूजलापर्यंत पोचेल. म्हणून ते ठरावीक पातळीच्या वर येऊ द्यायचं नाही. पूर्वी ते अनेक ठिकाणांहून आणि खूप खोलवरून उपसलं जायचं. आता पातळी थोडी चढू देऊन कमी ठिकाणांहून उपसायचं धोरण आहे. थांबवायचं मात्र नाही, कधीच नाही. या कामांना जर्मन लोक 'अनंतकाळची कामं' म्हणतात आणि सरकारी कागदपत्रांतही हाच शब्द येतो.

पैसा कुठून येतो? २००७ साली यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झालं. खाण कंपनीचा रसायन उद्योग वेगळा काढून त्याचे समभाग प्रतिष्ठानाकडे दिले. त्यांच्या उत्पन्नातून २०१९ पासून पंपांचा खर्च चालतो. सुरुवातीचा अंदाज वर्षाला साधारण २२ कोटी युरोंचा होता. कोळशाच्या दरात हा खर्च कधी धरला नव्हता. १९०० साली कोळसा विकून ज्यांनी नफा मिळवला, त्यांच्या पणतवंडांच्या पणतवंडांनाही बिल भरावंच लागणार.

खाणीतल्या पाण्याचा एक मजेशीर उपयोग त्सोलफेराइनच्या वेशीपाशी केला गेला. वेगवेगळ्या आकाराच्या चौकोनी खिडक्यांची एक करडी घनाकृती इमारत तिथे आहे. जपानच्या 'साना' या वास्तुविशारद जोडीने २००६ साली ती बांधली. त्यांना भिंती पातळ हव्या होत्या, पण जर्मन थंडीत त्यांना जाड उष्णतारोधक थर लागला असता. हजार मीटर खालून उपसलेलं पाणी मुळातच तिशीच्या आसपास अंश गरम असतं, आणि ते तसंही फुकट वाहून जात होतं. त्याची उष्णता भिंतीतल्या नळ्यांमधून खेळवली आणि जाड थर टळला.

जायचं ठरलंच तर

एसेनच्या मुख्य स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम थेट दारात सोडते. आवारात फिरायला तिकीट नाही. संग्रहालयाला आहे. मनोऱ्याखालच्या यंत्रशाळा आणि कोकभट्टीचा आतला भाग फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतो. या फेऱ्या बहुतेक जर्मनमध्ये, इंग्रजीतल्या थोड्या, म्हणून आधी वेळ बघून नोंदणी करा. मार्गदर्शकांमध्ये पूर्वीचे खाणकामगार भेटले तर नशीब. वाघिणी रिकाम्या करायच्या दालनात खणखणाट इतका असायचा की माणसं हातवाऱ्यांनीच बोलायची. ते हातवारे करून दाखवा म्हणा, आनंदाने दाखवतात.

वेळ कमी असेल तर क्रम असा ठेवा: आधी जिन्याने संग्रहालय, तिथून गच्ची. गच्चीवरून दगडाच्या टेकड्या, धुराडी आणि मधली वस्ती एका नजरेत येते आणि पाण्याचा सगळा मामला समजतो. मग चालत कोकभट्टी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. मुलं बरोबर असतील तर कोकभट्टी आधी घ्या, काचपेट्या नंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गच्चीवर वारा बोचरा असतो, कानटोपी विसरू नका. डिझाइनचं संग्रहालय खुर्च्या-दिव्यांची आवड असेल तरच. नसेल तर तोच तास न्हाणीघराच्या बाजूला घालवा.